अंदाजाचा अहवाल आणि मोजमापाचा हक्क

गेल्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात, भोजनाच्या रांगेत उभे असताना एका बांधवाने चार घड्या घातलेला एक कागद आमच्या हातात दिला. गृहस्थ अकोला जिल्ह्यातले, वय वर्षे ५०, शारजात वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करणारे. धाकटा भाऊ गावी डायलिसिसवर. त्याला आपले एक मूत्रपिंड द्यावे, या निश्चयाने यांनी येथेच एक तपासणी 'पॅकेज' घेतले होते. कागदावर क्रिएटिनिन १.२ आणि त्याखाली 'ई-जीएफआर ६४' असे छापलेले, शेजारी 'सौम्य घट' असा शेरा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तेवढ्यावरच सांगून टाकले होते की, "तुम्ही दाता होऊ शकत नाही, उलट तुम्हीच सांभाळा." या बांधवाने काढलेले विमानाचे तिकीट रद्द केले. घरी भावाला काय सांगावे हे कळेना म्हणून त्याने चार महिने फोनवर हा विषयच टाळला. आम्हाला त्याने एवढेच विचारले, "डॉक्टरसाहेब, माझ्याही किडन्या गेल्या का हो?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याला तेथेच दिले. परंतु तो प्रश्न एकट्याचा नाही. या वाळवंटी देशात राहणाऱ्या आपल्या शेकडो कुटुंबांच्या कपाटांत असले कागद पडून आहेत. कोणी त्यामुळे घाबरून बसला आहे, तर कोणी त्याच्याच भरवशावर निर्धास्त आहे. आमचे म्हणणे असे की, दोघांचीही फसगत होत आहे. आणि ती फसगत आपण मुकाट्याने सोसावी असे काही नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हा आकडा येतो कोठून ते पाहू. मूत्रपिंडे दर मिनिटाला किती मिलिलीटर रक्तद्रव गाळतात, तो गाळणदर म्हणजे जीएफआर. तो प्रत्यक्ष मोजता येतो. इन्युलिन, आयोहेक्सॉल यांसारखे द्रव्य किंवा डीटीपीए हे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन ते किती वेगाने शरीराबाहेर जाते हे पाहायचे. पण हे वेळखाऊ व खर्चिक काम. म्हणून रोजच्या व्यवहारात रक्तातील क्रिएटिनिन मोजतात आणि सूत्रात घालून गाळणदराचा अंदाज बांधतात. ई-जीएफआर मधील 'ई' या अक्षराचा अर्थ 'अंदाजित' एवढाच आहे. दुर्दैव असे की अहवाल वाचताना ते अक्षर कोणी वाचत नाही.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या नित्य व्यवहारातून निघणारा टाकाऊ पदार्थ. आपल्या गावच्या विहिरीचे उदाहरण घ्या. विहिरीतील पाण्याची पातळी दोन गोष्टींवर अवलंबून असते : झरा किती वाहतो आणि मोट किती ओढते. नुसती पातळी पाहून मोटेची ताकद सांगायची, तर झरा सगळीकडे सारखाच आहे असे धरून चालावे लागते. येथे झरा म्हणजे स्नायू आणि आहार, मोट म्हणजे मूत्रपिंड. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या तरुणाचा झरा मोठा. चाळीस किलो वजनाच्या माउलीचा झरा बारीक. आदल्या रात्री लग्नात मटणावर ताव मारला तर शिजलेल्या मांसातूनही क्रिएटिनिन येते आणि सकाळची पातळी वर चढलेली दिसते. सूत्र मात्र वय आणि लिंग एवढेच विचारते. उरलेले सारे ते सरासरीने भरून काढते. आणि ही सरासरी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

तर त्या सरासरीचा इतिहास ऐका. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी कॅनडात २४९ रुग्णांवरून सूत्र बांधले. ते रुग्ण जवळजवळ सर्व पुरुष होते. स्त्रियांसाठी सरसकट १५ टक्के वजा करावेत असे सुचवण्यात आले. पुढे १९९९ साली अमेरिकेत एमडीआरडी हे सूत्र आले. ते १६२८ जणांवरून बांधले गेले आणि ते सर्व मूत्रपिंडविकाराचे रुग्ण होते. म्हणजे निरोगी माणूस त्यात एकही नव्हता! रुग्णांच्या मापाचा सदरा निरोगी माणसाला चढवला तर काय होणार? २००४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकने ५८० निरोगी व्यक्ती, मुख्यत्वे मूत्रपिंडदान करू इच्छिणारे लोक, प्रत्यक्ष मोजून पाहिले. तेव्हा या सूत्राचा अंदाज निरोगी माणसांत खऱ्या गाळणदराहून सरासरी २९ टक्के कमी निघाला. ज्यांची मूत्रपिंडे ठणठणीत होती त्यांना कागदावर अर्धरोगी ठरवणारे हे सूत्र. म्हणूनच या सूत्राचे उत्तर ६० च्या वर आले तर नेमका आकडा न छापता '६० हून अधिक' एवढेच छापावे, अशी शिफारस तिकडे करण्यात आली होती. ही साधी शिस्तही कित्येक ठिकाणी पाळली गेली नाही. २००९ साली सीकेडी-एपी हे सुधारलेले सूत्र आले, २०२१ साली त्याची नवी आवृत्ती आली.

आता आमच्या त्या बांधवाचे रक्त घ्या. वय ५०, पुरुष, वजन ६० किलो, क्रिएटिनिन १.२. एमडीआरडी सूत्राने उत्तर ६४. २००९ च्या सूत्राने ७०. २०२१ च्या सूत्राने ७४. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने सुमारे ६२. माणूस तोच, रक्त तेच, नळी तीच. आणि उत्तरे चार! आणि त्याच्या कागदावर कोणते सूत्र वापरले याचा उल्लेखच नव्हता. गणित आम्ही उलट करून पाहिले तेव्हा कळले की प्रयोगशाळेने १९९९ चे, रुग्णांवरून बांधलेले सूत्र वापरले होते.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. एमडीआरडी आणि २००९ चे सीकेडी-एपी या दोन्ही सूत्रांत एक जादा गुणक होता. माणूस कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला पहिल्यात १.२१२ ने आणि दुसऱ्यात १.१५९ ने गुणायचे. आमचा हाच बांधव अमेरिकेत कृष्णवर्णीय म्हणून नोंदला गेला असता, तर त्याच रक्ताच्या नळीवरून त्याला ६४ ऐवजी ७८ मिळाले असते. कारण काय सांगितले गेले? तर कृष्णवर्णीयांचे स्नायू सरासरीने जास्त असतात म्हणून. स्नायू कोणी मोजले नव्हते. कातडीचा रंग विचारला होता. त्याचा परिणाम असा झाला की आजारी कृष्णवर्णीय माणसाची मूत्रपिंडे कागदावर चांगली दिसू लागली. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत वेळ मोजायला सुरुवात होते ती गाळणदर २० वा त्याखाली गेल्यावर. ज्याचा आकडा कागदावर फुगवलेला, तो यादीत उशिरा शिरणार. आणि उशीर म्हणजे येथे आयुष्य.

हा गुणक आपोआप गेला नाही. तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि काही डॉक्टरांनी वर्गात, रुग्णालयात उभे राहून प्रश्न विचारला की, हा रंग रक्तात कोठे सापडतो? २०१७ साली बॉस्टनच्या एका रुग्णालयाने तो वगळला, मागोमाग इतरांनी वगळला आणि २०२१ साली दोन राष्ट्रीय संस्थांच्या कृतिगटाने वंशाविना बांधलेले नवे सूत्र सर्वत्र वापरण्याची शिफारस केली. २०२३ पासून ज्या कृष्णवर्णीय रुग्णांचा प्रतीक्षाकाळ जुन्या गुणकामुळे बुडाला होता, त्यांना तो परत जोडून देण्याची व्यवस्था झाली. हजारो जणांना त्याचा लाभ मिळाला. गणितात लपलेला अन्याय पुराव्याने उघडा पाडला तर तो दुरुस्त होतो, याचे हे ताजे उदाहरण आहे.

आंबेडकरी वाचकाला यात काही ओळखीचे दिसले नाही तरच नवल. आपल्याकडे रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड वंशावर बसवण्याचा खटाटोप केला होता. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्या 'शास्त्रा'चा सिद्धान्त. बाबासाहेबांनी त्याला शिव्याशापांनी उत्तर दिले नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी मांडलेली नाकाच्या मापांचीच कोष्टके पुढे ठेवली आणि दाखवून दिले की, ही मापे खरी मानली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. अस्पृश्यतेचे मूळ रक्तात नाही, समाजव्यवस्थेत आहे. मोजमापाच्या नावाने चाललेल्या लबाडीला त्यांनी अधिक काटेकोर मोजमापाने उत्तर दिले. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. तिकडच्या कृष्णवर्णीयांचा आणि इकडच्या अस्पृश्यांचा प्रश्न किती सारखा आहे, हे त्यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी ओळखले होते. म्हणून त्या गुणकाविरुद्धचा लढा आम्हाला परका वाटत नाही.

परंतु येथेच थांबून टाळ्या वाजवणे आम्हाला मान्य नाही. कारण २०२१ च्या सूत्राने त्यांना न्याय दिला, तरी आपला हिशेब अजून कोणी मांडलेलाच नाही. ही सूत्रे मुख्यत्वे अमेरिका-युरोपातील गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय लोकांच्या मापांवरून बांधलेली आहेत. त्यांत आपल्यासारखे लोक फारच थोडे. फॉर्मवर 'कृष्णवर्णीय' आणि 'इतर' असे दोनच रकाने होते तेव्हा आपण 'इतर' या रकान्यात, म्हणजे गोऱ्यांच्या सरासरीत बसवले गेलो. आता रकाना गेला. सरासरी मात्र त्यांचीच राहिली.

प्रत्यक्ष मोजल्यावर काय दिसते? पाश्चात्य ग्रंथ तरुण निरोगी माणसाचा गाळणदर १२० च्या आसपास सांगतात. भारतातील निरोगी, मूत्रपिंडदानास पुढे आलेल्या व्यक्तींच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो सरासरी ८१.४ आला. चंदिगडच्या पीजीआय संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली इन्युलिनने मोजून दाखवले की, प्रचलित क्रिएटिनिन-सूत्रे भारतीयांत गाळणदर प्रत्यक्षाहून जास्त दाखवतात. कारण उघड आहे. आपल्याकडे स्नायूंचे प्रमाण सरासरीने कमी, आहारात मांसही कमी. म्हणजे झरा बारीक. विहिरीची पातळी खाली दिसली की सूत्र समजते, मोट जोरात चालली आहे. आणि २०२१ च्या सूत्राने तर कृष्णवर्णीय नसलेल्या सर्वांचे आकडे आणखी थोडे वर नेले. आमच्या बांधवाचे ७० चे ७४ झाले ते त्यामुळेच.

म्हणजे दोन चुका आहेत आणि त्या परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. रुग्णांवरून बांधलेले सूत्र निरोगी माणसाला कमी लेखते. परक्या शरीरावरून बांधलेले सूत्र आपल्या किरकोळ शरीराला जास्त लेखते. एखाद्या माणसात या दोन चुका एकमेकींना कापतात, एखाद्यात एकीचाच जोर होतो. कोणात काय झाले हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. उत्तमातल्या उत्तम सूत्राची कसोटीही किती सैल आहे पाहा : दहांतून साधारण नऊ अंदाज खऱ्या मापाच्या ३० टक्क्यांच्या आत आले की सूत्र उत्तम ठरते. म्हणजे खरा गाळणदर ९० असेल तर ६३ पासून ११७ पर्यंतचे कोणतेही उत्तर 'बरोबर' धरले जाते, आणि दहावा माणूस त्याच्याही बाहेर. लाखो लोकांची पाहणी करायला असला अंदाज पुरतो. एका माणसाचे भवितव्य ठरवायला तो पुरत नाही.

आणखी एक बारकावा. अहवालावर '१.७३ चौरस मीटर' असे लिहिलेले असते. हा आकडा १९२८ साली अमेरिकन तरुणांच्या शरीराच्या सरासरी पृष्ठफळावरून घेतला गेला. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ५५ किलो वजनाच्या आपल्या माणसाचे पृष्ठफळ सुमारे १.५६ भरते. त्याच्या कागदावर १०० लिहिले असेल तर त्याची मूत्रपिंडे प्रत्यक्षात मिनिटाला ९० मिलिलीटरच गाळत असतात. यात रोग काही नाही. अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा आहे एवढेच.

जास्त लेखण्याचा धोका कमी लेखण्याहून अधिक आहे, कारण तो दिसत नाही. आपल्यातील एका भगिनीचे उदाहरण देतो. वय ४६, वजन बेताचे, काही वर्षांचा मधुमेह. क्रिएटिनिन ०.६, ई-जीएफआर ११२. 'उत्तम' असा शेरा वाचून घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लघवीतील अल्ब्युमिन कोणी तपासले नव्हते. ते तपासले तेव्हा मर्यादेच्या कितीतरी पुढे निघाले. सिस्टॅटिन-सी या दुसऱ्या घटकावरून अंदाज केला तेव्हा आकडा सत्तरीच्या घरात आला. तिच्या स्नायूंचा झराच इतका बारीक होता की क्रिएटिनिन वर चढायला वावच नव्हता. दोन वर्षे रोग कागदाच्या आड लपून बसला होता.

येथे आमच्यातीलच काही सुशिक्षित बांधव एक उपाय सुचवतात : आपल्यासाठीही वेगळा 'भारतीय गुणक' असावा. जपानने २०१० साली ०.८१३ हा गुणक काढला, कराचीच्या संशोधकांनी २०१४ साली आपल्या लोकांवरून सूत्र दुरुस्त केले, मग आपण का नको? स्थानिक लोकांना प्रत्यक्ष मोजून सूत्र पारखण्याच्या त्या कष्टांना आमचा विरोध नाही. ते कष्ट आपल्याकडे फारच थोडे झाले ही तर आमची तक्रार आहे. विरोध आहे तो माणसाच्या कपाळावर गुणक चिकटवण्याला. 'भारतीय' म्हणजे कोण? बीडचा ऊसतोड कामगार, पंजाबचा पैलवान, की दुबईत जन्मून प्रथिनांची भुकटी खाणारा आपला मुलगा? तिघांचा झरा एक नाही. आज 'भारतीय' गुणक मान्य केला तर उद्या त्याच्या पोटात जातीचा गुणक शिरायला किती वेळ लागेल? ज्या वंशवादी गुणकातून कृष्णवर्णीय बांधव लढून बाहेर पडले, त्याच खोड्यात आपण हौसेने पाय घालावा काय? फरक स्नायूंचा असेल तर स्नायूंवर न विसंबणारी तपासणी मागावी. सिस्टॅटिन-सी शरीरातील बहुतेक सर्व पेशी तयार करतात. स्नायू व मांसाहार यांचा त्यावर परिणाम फार थोडा. तेही निर्दोष नाही. थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड, स्थूलता, धूम्रपान यांनी ते हलते. पण दोन्ही घटक मिळून केलेला अंदाज एकट्या क्रिएटिनिनहून अधिक भरवशाचा असतो, आणि २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अचूकतेची गरज असेल तेथे तोच सांगितला आहे.

दुसरा गट याहून घातक आहे. तो म्हणतो, आकडे खोटे आहेत ना, मग फाडून टाका. किडनी साफ करणारी अमुक पुडी घ्या. बांधवहो, अंदाज सैल आहे म्हणून रोग खोटा ठरत नाही. अल ऐन येथे दक्षिण आशियाई स्थलांतरित पुरुषांची पाहणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ३० टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला आणि त्यांतील चारांपैकी तिघांना त्याचा पत्ताच नव्हता. रक्तदाब आणि मधुमेह हे मूत्रपिंडाचे पहिले वैरी. त्यात या देशाचा उन्हाळा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम येथे आहे, तो उगाच नाही. आपल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातून मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. त्या गावांतून आलेला माणूस येथे उन्हात राबतो. त्याने पुडीवर नव्हे, पाणी, रक्तदाब आणि लघवीची तपासणी यांवर लक्ष ठेवले पाहिजे.

मग करावे काय? आमच्या मागण्या साध्या आहेत. अहवालावर सूत्राचे नाव व वर्ष छापलेच पाहिजे. क्रिएटिनिन जुन्या याफे पद्धतीने मोजले की एन्झाइम पद्धतीने, हेही विचारावे. १८८६ सालची ती जुनी रासायनिक क्रिया ग्लुकोज, कीटोन अशा इतर द्रव्यांनीही फसते. आकडा ६० ते ९० मध्ये आला, रक्तदाब ठीक आहे आणि लघवीत अल्ब्युमिन नाही, तर तेवढ्यावरून कोणालाही रोगी म्हणू नये. ६० च्या खाली आला तर घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. पाणी व्यवस्थित पिऊन, आदल्या दिवशी मांसाहार टाळून पुन्हा तपासावे. तीन महिने टिकल्याखेरीज जुनाट मूत्रपिंडविकाराचा शिक्का बसत नाही. आकडा कितीही चांगला असला तरी मधुमेही व रक्तदाबाच्या माणसाने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन तपासावेच. आणि जेथे निर्णय मोठा आहे, मूत्रपिंड देण्याचा, कर्करोगाच्या औषधाच्या मात्रेचा, तेथे अंदाजावर भागवू नये, प्रत्यक्ष मोजून मागावे. दात्यांविषयीची २०१७ ची आंतरराष्ट्रीय तत्त्वेही हेच सांगतात : ९० वा अधिक गाळणदर सामान्यतः स्वीकारार्ह, ६० च्या खाली नकार, आणि मधल्या माणसाचा निर्णय त्याची सर्व परिस्थिती पाहून. खिडकीवर तो निर्णय होत नसतो.

आपल्या संघटनेलाही एक सूचना. पुढच्या आरोग्य शिबिरात साठ तपासण्यांच्या भपकेबाज 'पॅकेज'ऐवजी रक्तदाब, साखर आणि लघवीतील अल्ब्युमिन या तीनच गोष्टी नीट कराव्यात. आणि एखाद्या विद्यापीठाने वा रुग्णालयाने निरोगी दक्षिण आशियाई लोकांचा गाळणदर मोजण्याचे काम हाती घेतले, तर आपण होऊन नाव नोंदवावे. या देशात ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. ज्यांची मापे घेतलीच गेली नाहीत, त्यांची सरासरी दुसरेच ठरवणार. गावकुसाबाहेर राहिलेल्यांची शिरगणती इतरांनी कशी केली, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना सांगितले होते की, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा नुसत्या तर्काला पटते म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखा, हितकर ठरले तर स्वीकारा. संगणकाने छापलेला आकडा या उपदेशातून सुटत नाही.

आमच्या त्या बांधवाचे सांगायचे राहिले. लघवीत अल्ब्युमिन नव्हते, रक्तदाब उत्तम होता. गावी जाऊन त्याने डीटीपीए तपासणी करून घेतली. गाळणदर ८४ आला. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी सर्व बाजू तपासून त्याला दाता म्हणून स्वीकारले. आज दोघे भाऊ हिंडते-फिरते आहेत. पण जे चार महिने एका निनावी सूत्राने खाल्ले, त्या चार महिन्यांत धाकटा आठवड्यातून तीनदा यंत्राला बांधलेला होता, आणि थोरला भाऊ आपण भित्रे निघालो या समजुतीने रात्री जागत होता. त्या रात्रींचा हिशेब कोणत्याही सूत्रात बसत नाही. म्हणून सांगतो, कागद मुकाट घडी करून खिशात घालू नका. विचारा : कोणते सूत्र, कोणाच्या शरीरावरून, आणि माझे मोजले काय?

जय भीम! नमो बुद्धाय!